प्रतिसादकाल आणि सदृशीकरणाधिष्ठित शैक्षणिक मूल्यमापन

प्रतिसादकाल : कसोटीतील प्रश्न विद्यार्थ्यासमोर आल्यापासून त्याने त्या प्रश्नाचे उत्तर नोंदवीपर्यंत जो काळ जातो, त्यास प्रतिसादकाल म्हणतात. दिवा लागताच कळ दाबणे यांसारख्या साध्या उद्दीपकाला दिलेल्या तत्काळ प्रतिसादाचा काल मोजावयाचा असल्यास त्यास प्रतिक्रियाकाल ही संज्ञा वापरण्याचा प्रघात आहे. प्रतिक्रियाकाल सेकंदाच्या अंशांत मोजला जातो. प्रतिसादकाल सेकंदांत किंवा मिनिटांत. सदृशीकरण, ज्यासाठी सिम्युलेशन हा शब्दही आता रूढ झाला आहे, म्हणजे एखाद्या वास्तव परिस्थितीची अशी प्रतिकृती, की जिच्यातील काही राशी वापरणाऱ्याला बदलता येतात व त्यांचे परिणाम पाहता येतात. संगणकाच्या पडद्यावरील अशा प्रतिकृतीत विद्यार्थ्याला एखादे कार्य करावयास लावून त्याच्या आकलनाची पारख करणे, हे सदृशीकरणाधिष्ठित मूल्यमापन होय. लेखी परीक्षेत परीक्षकाच्या हाती फक्त उत्तर पडते. येथे मात्र विद्यार्थ्याची प्रत्येक कृती आणि तिची वेळ आपोआप नोंदली जाते. या नोंदींवरून विद्यार्थी विचार करीत होता, चाचपडत होता, की त्याने प्रयत्नच सोडून दिला होता, हे ओळखण्याचे शास्त्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आकारास आले. त्याची मुळे मात्र शाळेत नाहीत. ती वेधशाळेत आहेत.

अठराव्या शतकात ताऱ्याच्या याम्योत्तर-लंघनाचा क्षण डोळा आणि कान यांच्या साहाय्याने ठरवीत. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात ताणलेला उभा तंतू तारा केव्हा ओलांडतो, हे निरीक्षकाने पाहावयाचे आणि त्याच वेळी घड्याळाचे ठोके मोजून सेकंदाच्या दशांशापर्यंत वेळ नोंदवावयाची. ग्रिनिच येथील राजज्योतिषी नेव्हिल मास्केलाइन (१७३२–१८११) यांच्या लक्षात आले, की आपला साहाय्यक डेव्हिड किनब्रुक याच्या नोंदी आपल्यापेक्षा उशिराच्या असतात. १७९५ च्या ऑगस्टमध्ये हा फरक सुमारे अर्ध्या सेकंदाचा होता. पुढील जानेवारीत तो ०·८ सेकंद झाला. मास्केलाइन यांनी किनब्रुक याला ताकीद दिली आणि सुधारणा होत नाही असे पाहून १७९६ मध्ये कामावरून दूर केले. साहाय्यकाने निरीक्षणाची सदोष रीत स्वीकारली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे दोन दशकांनी केनिग्झबर्गचे ज्योतिर्विद फ्रीड्रिख व्हिल्हेल्म बेसेल (१७८४–१८४६) यांच्या वाचनात ही हकिकत आली. त्यांनी आपल्या व इतर निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा कसलेल्या निरीक्षकांतही असा स्थिर फरक आढळतो, कधी तो एक सेकंदाहून अधिकही असतो, असे दिसून आले. या फरकाला वैयक्तिक समीकरण असे नाव मिळाले. किनब्रुक याला त्याचा काही लाभ झाला नाही. विलंबाचा अर्थ हलगर्जीपणा असा लावण्याची ही चूक काही ग्रिनिचपुरती नव्हती. प्रतिसादकालाच्या पुढील सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात ती वेगवेगळ्या वेशांत पुन्हा पुन्हा भेटते.

मज्जातंतूंतून संवेदना वाहण्यास मोजता येईल इतका वेळ लागतो, हे हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५० मध्ये दाखविले. डच शरीरक्रियावैज्ञानिक फ्रान्सिस्कस डोंडर्स (१८१८–८९) यांनी १८६८ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. नुसत्या उद्दीपकाला प्रतिसाद देण्यास लागणारा काल आणि दोन उद्दीपकांतून निवड करून प्रतिसाद देण्यास लागणारा काल यांची त्यांनी वजाबाकी केली. उरतो तो निवड करण्याच्या मानसिक क्रियेचा काल, असे त्यांचे म्हणणे. विचारही घड्याळावर मोजता येतो, ही कल्पना त्या काळी थक्क करणारी होती. लाइपसिक येथे व्हिल्हेल्म व्हुंट (१८३२–१९२०) यांनी १८७९ मध्ये स्थापन केलेल्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेत सेकंदाचा हजारावा भाग दाखविणाऱ्या हिप कालमापकाच्या साहाय्याने असे शेकडो प्रयोग झाले. या वजाबाकीला एक अट होती. एका कार्यात दुसरी मानसिक क्रिया मिसळली, तरी आधीच्या क्रिया आहेत तशाच राहतात, असे त्यात गृहीत धरलेले होते. हे गृहीत टिकत नाही, असा आक्षेप लवकरच घेतला गेला. कार्य बदलले की मनाची सगळी मांडणीच बदलते. सदृशीकरणातील कालनोंदींचा अर्थ लावताना हाच आक्षेप आजही आडवा येतो.

व्यक्तिभेद मोजण्यासाठी प्रतिक्रियाकालाचा उपयोग फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) यांनी लंडनच्या १८८४ च्या आरोग्य प्रदर्शनातील आपल्या मानवमिती प्रयोगशाळेत केला. जेम्स मकीन कॅटेल (१८६०–१९४४) यांनी १८९० मध्ये सुचविलेल्या मानसिक कसोट्यांतही त्याला स्थान होते. चपळ मन म्हणजे तल्लख मन, हा समज त्यामागे होता. कोलंबिया विद्यापीठातील क्लार्क विस्लर यांनी १९०१ मध्ये कॅटेल यांच्याच कसोट्यांचे निष्कर्ष महाविद्यालयीन गुणांशी ताडून पाहिले, तेव्हा प्रतिक्रियाकाल व अभ्यासातील यश यांचा सहसंबंध जवळजवळ शून्य निघाला. त्यानंतर बुद्धिमापनाची धुरा पॅरिसच्या आल्फ्रेद बीने (१८५७–१९११) यांच्या १९०५ च्या श्रेणीकडे गेली. तीत मुलाने प्रश्न सोडविला की नाही, याला महत्त्व होते. किती सेकंदांत सोडविला, याला बहुतेक ठिकाणी नव्हते [⟶ बुद्धिमत्ता].

महाराष्ट्रात वेगाचे कौतुक फार जुने आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी आणि अडीचकी न अडखळता म्हणणारा मुलगा हुशार गणला जाई आणि तोंडी हिशेबात आधी उत्तर देणारा वर्गात वरचढ ठरे. बीने यांच्या श्रेणीची मराठी व कन्नड मुलांसाठी पहिली पद्धतशीर पुनर्रचना वि. वि. कामत यांनी धारवाडच्या परिसरात केली. तिच्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बीने–कामत कसोटी या नावाने ती महाराष्ट्रातील चिकित्सालयांत अनेक दशके वापरात राहिली. तिचा गाभा बीने यांच्याप्रमाणेच वयानुसार श्रेणीबद्ध केलेल्या प्रश्नांचा होता. परीक्षक मुलासमोर बसत असल्याने मूल का थांबले, हे त्याला डोळ्यांनी दिसे. चं. मो. भाटिया यांच्या १९५५ मधील कृतिकसोटीसंचात मात्र ठोकळ्यांच्या रचनेसारख्या कार्यांना कालमर्यादा होती. निरक्षर मुलांनाही देता याव्यात म्हणून या कसोट्या तयार केल्या होत्या. घड्याळ लावून काम करण्याची सवय नसलेल्या मुलाला घड्याळ नेमके काय शिक्षा करते, हा प्रश्न त्यामुळे या संचाबाबत विशेष टोकदार होता. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीने (स्थापना १९६२) गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारलेल्या ज्या मराठी कसोट्या रचल्या, त्यांतील गटकसोट्याही मुदतबंद आहेत. शासनाच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही वेळ असतो तो केवळ कुंपण म्हणून. घंटा झाली की कागद काढून घेतले जातात. कुंपणाच्या आत मुलाने कोणत्या प्रश्नावर किती वेळ घालविला, हे कोणालाच कळत नाही.

या दोन प्रकारच्या कसोट्यांतील भेद मानसमितीत पुढे शास्त्रशुद्ध रीतीने मांडला गेला. प्रश्न इतके सोपे, की पुरेसा वेळ मिळाल्यास सर्वांनाच येतील, आणि फरक पडेल तो केवळ किती सुटले यात, ही गतिकसोटी. प्रश्न चढत्या काठिण्याचे आणि वेळ भरपूर, ही शक्तिकसोटी. हॅरल्ड गुलिक्सन यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात या भेदाचे गणित दिले. त्याआधी १९३७ मध्ये एल्. एल्. थर्स्टन (१८८७–१९५५) यांनी क्षमता, प्रेरणा व गती यांवर एक छोटा निबंध लिहिला होता. प्रश्नाची काठिण्यपातळी, दिलेला वेळ व यशाची संभाव्यता या तिन्हींचा एकत्र विचार करावा आणि व्यक्तीची क्षमता म्हणजे वेळेचे बंधन पूर्णतः काढून घेतल्यास ती जेथवर पोहोचेल ती पातळी समजावी, असा त्यांचा विचार होता. आजही या विषयावरील विवेचनाला तो निबंध पायाभूत ठरतो. तेव्हा मात्र अडचण अशी होती, की प्रश्नागणिक वेळ मोजण्यासाठी प्रत्येक परीक्षार्थ्यामागे एक माणूस घड्याळ घेऊन उभा करावा लागला असता.

ही अडचण संगणकाने दूर केली. १९९० नंतर अमेरिकेतील मोठ्या प्रवेश परीक्षा संगणकावर घेतल्या जाऊ लागल्या आणि प्रतिसादकाल फुकट हाती येऊ लागला. डेबोरा श्निपके व डेव्हिड स्क्रॅम्स यांनी १९९७ मध्ये अशा नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. परीक्षेच्या अखेरच्या प्रश्नांवरील प्रतिसादकालांचा आलेख काढला, तर त्याला दोन उंचवटे दिसतात. एक उंचवटा काही सेकंदांपाशी. तेथील उत्तरांची अचूकता निव्वळ नशिबाने मिळेल तेवढीच. दुसरा बराच पुढे. तेथील अचूकता चांगली. पहिला गट वेळ संपत आल्यामुळे घाईघाईने अंदाज ठोकणाऱ्यांचा, दुसरा प्रश्नाची उकल करणाऱ्यांचा. स्टीव्हन वाइज व शिआओजिंग काँग यांनी २००५ मध्ये हीच पारख वेगळ्या परिस्थितीत वापरली. त्यांच्यापुढील परीक्षेच्या गुणांवर विद्यार्थ्यांचे काहीच अवलंबून नव्हते, वेळही मुबलक होता. तरीही काही जण प्रश्न वाचण्याइतकादेखील वेळ न घेता उत्तर नोंदवीत. ज्या प्रमाणात विद्यार्थी उकल करण्याइतका वेळ घेतो, तो त्याचा प्रयत्न-निर्देशांक. समजा, ४० प्रश्नांपैकी ३४ प्रश्नांवर त्याने पुरेसा वेळ घेतला, तर निर्देशांक ०·८५ येईल. पुरेसा वेळ म्हणजे किती, हे प्रत्येक प्रश्नासाठी वेगळे ठरवावे लागते. नंतर प्रचारात आलेल्या एका रीतीनुसार, त्या प्रश्नावरील सरासरी वेळेच्या दहा टक्के ही सीमा धरतात. सरासरी ५० सेकंद असेल, तर ५ सेकंदांच्या आतील उत्तर हे अंदाज समजावयाचे.

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. या दोन अभ्यासांत दिसणारे वर्तन एकच आहे : काही सेकंदांत दिलेले उत्तर. त्याचे कारण मात्र एका ठिकाणी वेळेची टंचाई आहे व दुसऱ्या ठिकाणी आस्थेची. कारण नोंदीत नसते. ते परीक्षेच्या परिस्थितीतून वाचावे लागते. विम व्हान डर लिंडन यांनी २००७ मध्ये मांडलेल्या द्विस्तरीय प्रतिमानाने या शास्त्राला भक्कम गणिती बैठक दिली. त्यात व्यक्तीची क्षमता व तिचा वेग हे दोन स्वतंत्र गुण मानले आहेत. प्रश्नालाही काठिण्य व वेळखाऊपणा असे दोन गुण दिले आहेत. क्षमता व वेग यांचा परस्परसंबंध काय, हे आधी गृहीत न धरता आकडेवारीवरून शोधावयाचे. तो कधी धन, कधी ऋण, कधी नगण्य निघतो. ‘हुशार तो जलद’ हा पंतोजींचा नियम सार्वत्रिक नाही, एवढे त्यावरून निश्चित झाले.

सदृशीकरणाचा परीक्षेतील उपयोग शाळेबाहेर सुरू झाला. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी एड्विन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलेले यंत्र हे त्याचे जुने उदाहरण. वैद्यकात कागदावरील रुग्णकथा सोडविण्याच्या कसोट्या १९६० नंतर रूढ झाल्या, आणि १९९९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या तिसऱ्या टप्प्यात संगणकीय रुग्णाचा समावेश झाला. या परीक्षेत दोन घड्याळे चालतात. एक भिंतीवरचे, परीक्षार्थ्याला मिळालेल्या मिनिटांचे. दुसरे रुग्णाचे, ते परीक्षार्थी स्वतः पुढे सरकवितो. तपासणी सांगितली, अहवालाची वाट पाहण्यासाठी घड्याळ चार तास पुढे नेले, आणि तेवढ्यात रुग्णाची प्रकृती ढासळली, असे घडू शकते. गुण देताना महत्त्व असते ते दुसऱ्या घड्याळावरील विलंबाला. उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरने पडद्यापुढे दोन मिनिटे विचार केला, तर रुग्णाचे काही बिघडत नाही. विचाराचा वेळ आणि कृतीच्या परिणामाचा वेळ यांची अशी फारकत शालेय कसोट्यांत क्वचितच केली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

शालेय क्षेत्रात निर्णायक वळण आले ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी मूल्यांकन कार्यक्रमाच्या, म्हणजेच पिसाच्या, २०१२ च्या फेरीत. ४४ देश व प्रदेशांतील पंधरा वर्षांच्या मुलांना संगणकावर समस्यापरिहाराची कार्ये देण्यात आली. (भारताचा सहभाग त्याआधीच्या २००९ च्या वाढीव फेरीत, हिमाचल प्रदेश व तमिळनाडू या दोन राज्यांपुरता होता, ती फेरी कागदावरची होती.) यांपैकी एक कार्य वातानुकूलन यंत्राचे होते. यंत्राला तीन नियंत्रक आहेत, माहितीपुस्तिका नाही. कोणता नियंत्रक तापमान बदलतो व कोणता आर्द्रता, हे विद्यार्थ्याने स्वतः हलवून शोधावयाचे. उत्तम रीत म्हणजे एका वेळी एकच नियंत्रक हलविणे व बाकीचे जागेवर ठेवणे. सामूएल ग्राइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या कार्याच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी ही रीत वापरली, त्यांचे या कार्यातील व एकूणच समस्यापरिहारातील यश लक्षणीयरीत्या अधिक होते. प्रयोगशाळेत ‘एका वेळी एकच चल बदला’ असे शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ते मुलाने खरोखर केले की नाही, हे प्रथमच मोठ्या प्रमाणावर पाहता आले. २०१५ च्या फेरीत विज्ञानाच्या प्रश्नांतही सदृशीकरणे आली, उदा., उष्ण हवामानात धावणाऱ्या व्यक्तीचे शरीर. त्यात हवेचे तापमान, आर्द्रता व धावपटूने पाणी पिणे न पिणे या गोष्टी बदलून घाम, शरीरातील पाण्याची घट व शरीराचे तापमान यांवरील परिणाम पाहता येत.

अशा कार्यात ‘प्रतिसादकाल’ ही एकच संख्या राहत नाही, तिचे तुकडे पडतात. कार्य समोर आल्यापासून पहिल्या कृतीपर्यंतचा काल, दोन कृतींमधील विराम, परिणाम पडद्यावर आल्यानंतरचा विराम, आणि शेवटच्या कृतीपासून उत्तर सादर करेपर्यंतचा काल. या प्रत्येकाचा अर्थ निराळा असू शकतो. लंडनचा मनोरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मण्यांच्या कोड्यात वयाने मोठे झालेले तरुण अवघड कोडी सोडविताना पहिली चाल करण्यापूर्वी अधिक वेळ थांबतात, असे डस्टिन अल्बर्ट व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांना २०११ मध्ये आढळले. तो विराम नियोजनाचा होता. पण याच विरामात सूचना न समजलेला विद्यार्थीही बसलेला असतो, आणि खिडकीबाहेर पाहणाराही.

फ्रांक गोल्डहामर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या सर्व विषयाची किल्ली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जर्मनीतील प्रौढांच्या एका मोठ्या संगणकीय पाहणीत त्यांना दिसले, की वाचनाच्या प्रश्नांत जास्त वेळ घेणाऱ्यांचे उत्तर चुकण्याचा संभव अधिक असतो, तर संगणकीय परिस्थितीतील समस्या सोडविण्याच्या प्रश्नांत जास्त वेळ घेणाऱ्यांचे उत्तर बरोबर येण्याचा संभव अधिक असतो. तीच माणसे, तेच यंत्र, आणि वेळेची दिशा उलटी. कारण उमगण्याजोगे आहे. वाचन ही सरावाने आपोआप होणारी क्रिया आहे. ती रेंगाळली तर काही तरी अडले आहे असे समजावे. समस्यापरिहार हा जाणीवपूर्वक, पायरीपायरीने होणारा विचार आहे. त्याला वेळ द्यावाच लागतो. शिवाय एकाच प्रकारातही कार्य जितके अवघड व व्यक्ती जितकी कच्ची, तितका वेळेचा लाभ वाढतो. फिनलंडमधील विद्यार्थ्यांच्या समस्यापरिहाराच्या नोंदींवरून ग्राइफ यांच्या गटाला २०१६ मध्ये आणखी एक सूक्ष्म गोष्ट आढळली : हा संबंध सरळ रेषेत जात नाही, फार कमी वेळ वाईट, आणि एका मर्यादेपलीकडील अधिक वेळही फलदायी नाही.

यावरून सदृशीकरणातील विरामाचा अर्थ कसा लावावा, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन विद्यार्थिनी एका विद्युत् मंडलाच्या सदृशीकरणापुढे प्रत्येकी ४० सेकंद काहीही न करता थांबल्या. पहिलीने त्याआधी रोध बदलून प्रवाह वाचला होता आणि नंतर रोध जागेवर ठेवून फक्त विद्युत् दाब बदलला. दुसरीने त्याआधी तिन्ही बटणे एकदम फिरविली होती आणि नंतरही तेच केले. पहिलीचा विराम तर्काचा, दुसरीचा गोंधळाचा. फरक सांगितला तो घड्याळाने नव्हे, तर विरामाच्या अलीकडील व पलीकडील कृतींनी. म्हणूनच प्रश्नावलीतील झटपट अंदाज ओळखणारी सेकंदांची सीमारेषा सदृशीकरणाला जशीच्या तशी लावता येत नाही. तेथे नुसती बटणे भराभर दाबणारा विद्यार्थी भरपूर ‘वेळ’ घालवीत असतो आणि निर्देशांकात प्रयत्नशील ठरतो.

महाराष्ट्रात संगणकावरील परीक्षा सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली ती महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने (स्थापना २००१) सुरू केलेल्या एम्‌एस्-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे. पुढे २०१९ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षाही संगणकावर होऊ लागली. या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या आहेत. शालेय विज्ञानाची सदृशीकरणे राज्यात दुसऱ्या वाटांनी आली. मुंबईच्या सी-डॅक या संस्थेने अमृता विश्व विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केलेल्या ओलॅब्ज या प्रयोगसंग्रहात माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांचे प्रयोग पडद्यावर करता येतात आणि ते मराठीसह काही भारतीय भाषांत उपलब्ध करण्यात आले. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या फेट प्रकल्पातील अनेक सदृशीकरणांचीही मराठी रूपांतरे झाली आहेत. यांचा भर शिकविण्यावर आहे, गुण देण्यावर नाही.

कालनोंदींवरून विद्यार्थ्याची मनःस्थिती ओळखण्याचा राज्यातील एक ठळक प्रयत्न मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी) झाला. रामकुमार राजेंद्रन, श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि त्यांचे ऑस्ट्रेलियातील सहकारी यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेली नोंद माइंडस्पार्क या शालेय गणिताच्या संगणकीय शिक्षकाची होती. ते काटेकोर अर्थाने सदृशीकरण नव्हे; पण त्यांची कार्यरीत येथे नेमकी लागू पडते. वैफल्य म्हणजे उद्दिष्टाच्या आड आलेला अडथळा, या मानसशास्त्रीय व्याख्येपासून त्यांनी सुरुवात केली. चालू प्रश्नाचे उत्तर बरोबर येणे, सलग अचूक उत्तरांनी बक्षीसचिन्ह मिळविणे, आव्हानाच्या प्रश्नापर्यंत पोहोचणे व तो सोडविणे, अशी विद्यार्थ्याची उद्दिष्टे त्यांनी आधी निश्चित केली. त्यांतील कोणते हुकले, याच्या जोडीला उत्तरास लागलेला वेळ आणि मागील प्रश्नापर्यंतचे वैफल्य यांना समीकरणात स्थान दिले. मिळालेले अनुमान मुलांच्या चेहऱ्यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडून पाहिले. नोंदींचा ढीग यंत्राकडे सोपवून त्यातून काय निघते ते पाहण्यापेक्षा ही रीत सावकाशीची आहे, परंतु वेळेच्या आकड्याला तिने एकट्याने बोलू दिले नाही, हे तिचे वैशिष्ट्य. अमेरिकेत जोसेफ बेक यांनी २००५ मध्ये प्रतिसादकालावरून विद्यार्थ्याचे लक्ष उडाल्याचे अनुमान करणारी रीत मांडली होती. तिच्याशी तुलना करता हा फरक जाणवतो.

दुसरा प्रयत्न शिक्षणाच्या वास्तवाला अधिक भिडणारा होता. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईहून २०१५ पासून चालविलेल्या क्लिक्स या उपक्रमात राजस्थान, छत्तीसगढ, मिझोराम व तेलंगण येथील शासकीय माध्यमिक शाळांसाठी परस्परक्रियात्मक पाठ तयार करण्यात आले. त्यांचे संगणकीय व्यासपीठ होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील (स्थापना १९७४) ज्ञानप्रयोगशाळेने विकसित केलेल्या प्रणालीवर आधारलेले होते. शाळेत संगणक थोडे, मुले फार. तेव्हा दोन-तीन मुलांनी एकाच यंत्रावर एकत्र नाव नोंदवून बसावे, अशी सोय मुद्दाम करण्यात आली. शिकण्याच्या दृष्टीने ती उत्तमच. मुले आपसांत वाद घालतात, एक दुसऱ्याला समजावून सांगतो. प्रतिसादकालाच्या शास्त्राला मात्र येथे थबकावे लागते. व्हान डर लिंडन यांच्या प्रतिमानात वेग हा एका व्यक्तीचा गुण आहे. तिघांनी मिळून घेतलेले ९० सेकंद हे कोणाचे? त्यांत किती विचार, किती संवाद, आणि माऊस कोणाच्या हाती यावरील किती झटापट?

मराठी मुलखाच्या दृष्टीने आणखी दोन अडथळे गंभीर आहेत. पहिला भाषेचा. मुंबईच्या उत्तरेस लागून असलेल्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात, बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहतींतून येणारी व घरी मराठी, गुजराती, हिंदी किंवा उर्दू बोलणारी मुले एका वर्गात बसून इंग्रजीतून विज्ञान शिकतात. पडद्यावरील सूचना वाचण्यास एखादीला वीस सेकंद अधिक लागले, तर ते तिच्या पहिल्या विरामात मिळतात आणि नोंदीत नियोजनासारखे किंवा अनास्थेसारखे दिसतात. वाचनाचा स्वतंत्र वेग आधी मोजून तो वजा करावा, असे सुचविले जाते. ही डोंडर्स यांचीच वजाबाकी आहे आणि तिच्यावरील जुना आक्षेप येथेही लागू पडतो, कारण परक्या भाषेत वाचणारे मूल वाचता वाचताच विचारही सावकाश करते. दुसरा अडथळा यंत्राचा. जुना संगणक, मंद जोडणी किंवा वीज जाऊन येणे यांमुळे पडलेले सेकंद मुलाच्या खात्यावर चढतात. कृतीची वेळ मुलाच्या यंत्रावर नोंदली गेली की दूरच्या मुख्य संगणकावर, एवढ्या एका तांत्रिक निवडीने निष्कर्ष बदलू शकतो. तरीही पुष्कळ अहवालांत तिचा उल्लेखही नसतो.

याच कारणास्तव अनास्थेच्या निर्देशांकावरून एखाद्या विद्यार्थ्याचे गुण वगळावयाचे की नाही, हा वाद अद्याप मिटलेला नाही. गटाच्या सरासरीचा अंदाज अधिक विश्वसनीय करण्यासाठी झटपट अंदाजांची उत्तरे बाजूला काढणे बहुतेकांना मान्य आहे. एका मुलाच्या नावापुढे ‘प्रयत्न केला नाही’ अशी नोंद करणे ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तिला केवळ कालनोंदीचा आधार पुरेसा नाही. भारतात २०२३ च्या वैयक्तिक अंकीय विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आणि मुलांचा माग काढणे व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे यांना मनाई केली. काही वर्गांना व प्रयोजनांना त्यातून सूट देण्याची तरतूदही त्यातच आहे. विद्यार्थ्याने बटण दाबण्यापूर्वी किती सेकंद घेतले, ही नोंद शिकविण्याचा भाग समजावी की पाळतीचा, हे आता प्रत्येक शाळेला व कसोटी तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपल्या कामापुरते ठरवावे लागते.